नवीन बागेला नाव काय द्यावं? अर्ज द्यायचाय, सुचवा प्लीज

मळ्याकडेची (पुणे)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

आम्ही पुण्याच्या कडेला राहतो, २०२१ मध्ये जी तेवीस गावं महापालिकेत आली त्यातलंच एक आमचं. गावाच्या वेशीजवळ साधारण एकरभराची मोकळी जागा होती, तिथे आता बाग होतीये. वॉकिंग ट्रॅक झालाय, झोपाळे घसरगुंडी आलीये, जाळीचं कुंपण झालंय. मधोमध एक जुनी चिंच आहे, दोन माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही एवढी, ती ठेवलीये आणि तिच्याभोवती पार बांधताहेत. फक्त गेटवरची कमान कोरी आहे. आमच्या नगरसेविका म्हणाल्या की रहिवाशांकडून नावं येऊ द्या, या महिन्यात लेखी द्या, मग प्रस्ताव करू.

तर आता तीन नावं फिरताहेत. एक, इथल्या एका मोठ्या घरातले आजोबा, दहाबारा वर्षांपूर्वी गेले, माणूस चांगला होता असं सगळेच म्हणतात. दुसरं, एका संतांचं नाव, पण त्याच नावाची कमान पुढच्या चौकात आहे आणि त्याच नावाचा हॉलही आहे. तिसरं आमच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आलंय, सेंट्रल पार्क नाहीतर ग्रीन काहीतरी.

मला स्वतःला यातलं एकही मनापासून पटत नाहीये आणि का ते नीट सांगता येत नव्हतं. मग परवा कोपऱ्यावर भाजी घेऊन बसतात त्या आजींना सहज विचारलं की आजी या जागेला पूर्वी काय म्हणायचे. त्या म्हणाल्या, "काय म्हणायचे म्हंजे, थोरली चिंच. अजूनबी रिक्षावाल्याला तेच सांगते मी." त्यांच्या सासरच्यांनी ती जमीन कसलीये. आणि मी आठ वर्षं इथे राहतीये, रोज तिथून जाते, मला माहीतच नव्हतं!

तर प्रश्न असा की 'थोरली चिंच' हे नाव बागेला देता येतं का? झाडाचं नाव फार साधं वाटेल का, कोणी म्हणेल का की एवढे थोर लोक असताना झाड कशाला. आणि अर्ज कसा करायचा, कोणाला माहिती असेल तर सांगा.

---

पेठेतला (पुणे)

ताई, साधं वाटेल का याची काळजी सोडा. पुण्यात टिकलेली नावं बघा, सगळी अशीच साधी आहेत. तुळशीबागेत आज तुळस शोधायला जाल तर बांगड्या, भांडी आणि कानातले मिळतील, पण नाव तुळशीबाग. बेलबागेत विष्णूचं मंदिर आहे, रमणबाग म्हटलं की शाळा आठवते, हिराबागेत बाग राहिलेलीच नाही. म्हणजे पेशवाईतल्या बागा गेल्या, झाडं गेली, वाडे गेले आणि नावं मात्र अजून बसच्या कंडक्टरच्या तोंडात आहेत. त्यामुळे उद्या चिंच पडली तर नावाचं काय असं कोणी विचारलं तर त्याला हे सांगा. मुंबईत वडाळा आणि चिंचपोकळी आहे, आपल्याकडे चिंचवड आहे, पिंपळे गुरव आहे, तिथे कोणी रोज झाड मोजायला जात नाही.

सारसबागेचंच घ्या, सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये तिथे गणपतीचं देऊळ बांधलं तेव्हा चहूबाजूंनी तळं होतं. तळं हटून कित्येक दशकं झाली तरी माझी आई अजून तळ्यातला गणपतीच म्हणते, आणि तिचं ऐकून माझी मुलगी विचारते की तळं कुठंय, मग तिला गोष्ट सांगावी लागते. पाणी गेलं पण पाणी होतं एवढं तरी तिला कळतं ते त्या नावामुळे.

उलट उदाहरण म्हणजे बंडगार्डन. त्या बागेचं अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान आहे, किती पुणेकरांना माहितीये? नदीवरचा बंधारा, इंग्रजीत बंड, म्हणून बंडगार्डन, ते जे बसलंय ते बसलंय, मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव आहे. गांधीजींचं नाव देऊनही लोक वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. नाव वापरात येणार नसेल तर एवढ्या मोठ्या माणसाचं नाव नुसतं पाटीवर कशाला ठेवायचं?

---

कट्ट्यावरचा (दादर)

पेठेतल्या दादांशी अर्धा सहमत. माणसाचं नाव रुजत नाही असं नाहीये, ते कधी दिलं आणि कोणी मागितलं यावर खूप असतं.

आमचं शिवाजी पार्क बघा. १९२५ मध्ये मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं होतात म्हणून, तेव्हा बरेच जण १६२७ हे जन्मसाल धरायचे, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि नाव बदललं. म्हणजे दोनच वर्षांत. माहीम पार्क लोकांच्या जिभेवर बसायच्या आधीच शिवाजी पार्क आलं, आणि ते लोकांना हवंही होतं, म्हणून आज शंभर वर्षांनी आजूबाजूच्या सगळ्या वस्तीचंच ते नाव झालंय. मी कुठे राहतो विचारलं तर मी दादर नाही सांगत, शिवाजी पार्क सांगतो. २०२० मध्ये महापालिकेने त्याचं छत्रपती शिवाजी महाराज पार्क असं पूर्ण नाव केलं, ते आदराचं आहेच.

आता दुसरीकडे राणीची बाग. १८६२ ची, व्हिक्टोरिया राणीच्या नावाची. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, आणि व्हिक्टोरियापेक्षा जिजाऊंचं नाव असावं यात वाद असायचं कारणच नाही. पण लोकांच्या जिभेवर राणीची बाग पक्कं बसल्यावर नाव बदललं, त्यामुळे आजही मुलं राणीच्या बागेतच पेंग्विन बघायला जातात. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचं तेच, कागदावर सर फिरोजशहा मेहता उद्यान आहे.

म्हणून मला वाटतं तुमच्याकडे जो काही वेळ आहे तो हाच आहे. कमान कोरी आहे तोवर नाव ठरवा. एकदा पोरं 'नवीन गार्डन' म्हणायला लागली की वीस वर्षांनी पण ते नवीन गार्डनच राहणार, आमच्या मामाच्या गावात एक 'नवा पूल' आहे तो माझ्या जन्माआधीचा आहे.

आणि एक, अवंतिकाबाईंबद्दल जरूर वाचा कोणीतरी. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण शिवाजी पार्कवर रोज फेऱ्या मारणाऱ्या किती जणांना माहिती असेल की हे नाव कोणामुळे आहे. मला स्वतःला चाळिशीत कळलं.

---

सोलापुरी_चादर (सोलापूर)

माझं मत वेगळं आहे आणि ते जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

झाडाचं नाव द्या, ओढ्याचं नाव द्या, हे ऐकायला फार छान वाटतं. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांचं नाव आजवर कुठल्याच पाटीवर आलं नाही त्यांना एकदा विचारून बघा. आपल्याकडे वस्त्यांना जातीची नावं होती, पत्ता सांगताना माणसाला खाली बघावं लागायचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारने ती जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तोवर स्वातंत्र्याला त्र्याहत्तर वर्षं झाली होती. तिथे समतानगर, भीमनगर अशी पाटी लागते तेव्हा ती नुसती पाटी नसते, पोरगं फॉर्मवर पत्ता लिहिताना त्याचा हात अडखळत नाही. तेव्हा नावात काय आहे असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

आमच्या सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. बोलताना लोक नुसतं चार पुतळा म्हणतात, रिक्षावाला पण तेच म्हणतो. पण पुतळे आहेत, नावं कोरलेली आहेत, म्हणून मी लहानपणी वडिलांना विचारलं हे चौघं कोण, आणि त्यांनी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. पुतळे नसते तर मी विचारलंच नसतं. चार वेगवेगळ्या घरातली, वेगवेगळ्या धर्मपंथाची माणसं एका चौकात शेजारी शेजारी उभी आहेत, हे मला कुठल्या पुस्तकाआधी त्या चौकाने शिकवलं.

म्हणून ताई, चिंचेचं नाव द्या, मी विरोध करत नाही. पण ती जमीन कोणी कसली, विहीर कोणी खणली, ज्यांची गुरं त्या चिंचेखाली बसायची ती माणसं कोण, हे पण लिहा कुठेतरी. तुम्ही लिहिलंय की भाजीवाल्या आजींच्या सासरच्यांनी ती जमीन कसली. त्यांना विचारलंत का त्यांना काय नाव हवंय?

---

मळ्याकडेची (पुणे)

नाही विचारलं. तुमचं वाचून रात्रभर तेच डोक्यात राहिलं. उद्याच विचारते.

---

कमाटीबागवाला (बडोदे)

आम्ही चार पिढ्या बडोद्याचे मराठी, त्यामुळे इकडचं एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे विश्वामित्री नदीच्या काठावर मोठी बाग आहे, १८७९ ची, नाव सयाजीबाग, महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची. आणि सगळं शहर तिला कमाटीबाग म्हणतं, गुजराती पण आणि आम्ही मराठी पण. माझे आजोबा सयाजीरावांचं नाव काढताना हात जोडायचे आणि संध्याकाळी "चल कमाटीबागेत जाऊन येऊ" असंच म्हणायचे, त्यांना त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. तोंडी नाव वेगळं म्हणून मान कमी होतो असं मला तरी दिसलेलं नाही, कारण महाराजांचं नाव विद्यापीठाला आहे, दवाखान्याला आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे इथल्या घराघरात त्यांच्या गोष्टी आहेत.

तुमच्याकडे भांडण व्हायला लागलं तर हा मार्ग आहे, बागेला जागेचं नाव द्या आणि त्या आजोबांचं नाव आतल्या वाचनकट्ट्याला किंवा पाणपोईला द्या. त्यांच्या घरच्यांना पण बरं वाटेल, कारण पाणपोईवरचं नाव तहानलेला माणूस थांबून वाचतो.

---

खुरपं (निवृत्त, उद्यान खातं)

मी एका महापालिकेत बत्तीस वर्षं बागांचं काम केलं, मुकादम ते हॉर्टिकल्चर मिस्त्री. कामाचं सांगतो.

अर्ज साध्या कागदावर करा, दोन प्रती, एक क्षेत्रीय कार्यालयात, एक उद्यान विभागात, आणि दोन्हीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. नगरसेविकाबाईंना झेरॉक्स द्या. प्रस्ताव समितीतून मुख्य सभेपुढे जातो, ठराव झाला की मगच कमानीवर अक्षरं चढतात. सोबत सह्या जोडा, पण नुसत्या सोसायटीच्या नकोत, गावठाणातल्या पण घ्या. एकाच बिल्डिंगच्या दोनशे सह्यांपेक्षा सगळ्या गल्ल्यांतल्या पन्नास बऱ्या.

आता महत्त्वाचं. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही, सगळे क्षेत्र आणि मालकाचं नाव बघतात. ऑनलाइन उताऱ्यावर तो बऱ्याचदा रिकामा येतो, पण जुना हाताने लिहिलेला उतारा मिळाला तर त्यात तलाठ्याने त्या काळी जे लोक म्हणायचे ते लिहिलेलं असतं, खडकाचं, वढ्याचं, पाटाखालचं, बाभळीचं असं काय काय. त्या जागेचं सिटी सर्व्हे होऊन प्रॉपर्टी कार्ड झालं असेल तर त्यावर हा रकाना नाही मिळणार, मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या उताऱ्याची नक्कल मागा. नाहीतर सोपं म्हणजे ज्यांनी जमीन कसली त्यांच्या घरी ट्रंकेत बघा, शेतकरी माणूस सगळं टाकेल पण जुना उतारा टाकत नाही. नाव तिथे निघालं ना, तर तुमच्या अर्जाला वजन येईल, तुम्ही नाव नवीन काढलंय असं कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरं म्हणजे नाव आखूड ठेवा. कमानीची लांबी ठरलेली असते. पदव्या, उपाध्या, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि वर उद्यान असं सगळं बसवलं की अक्षरं वीतभर पण राहत नाहीत, रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाहीत. मी स्वतः अशा कमानींची अक्षरं पुसलीयेत, लोक खालून जातात आणि विचारतात ही बाग कुठली.

आणि नावाशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या चिंचेचा पार बांधताहेत म्हणालात, तर खोडापर्यंत सिमेंट घालू देऊ नका. चहूबाजूंनी निदान मीटरभर माती उघडी पाहिजे, पाणी आणि हवा मुळाला लागते. वर फरशी चकचकीत दिसते आणि पाचसहा वर्षांत झाड वरून वाळायला लागतं, मग सगळे म्हणतात कीड लागली. हे आत्ताच जाऊन बघा, अर्जाच्या आधी. काँक्रीट घट्ट झालं की कोणी फोडत नाही.

---

मळ्याकडेची (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितीये, कारण बरंच काही झालं.

काका, आधी चिंचेचं. तुमचं वाचलं त्याच संध्याकाळी गेले. खरंच खोडाला लागून खडी टाकली होती, काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडणार होतं. तिथल्या मिस्त्रींना सांगितलं, ते म्हणाले मॅडम ड्रॉइंगमध्ये असंच आहे. मग नगरसेविकांना फोन केला, त्या सकाळी स्वतः आल्या, आणि आता दीड मीटरचं कडं सोडलंय, आत नुसती माती. मी चिंचेला हात लावून उभी होते थोडा वेळ.

मग आजींकडे गेले, घरी. सोलापूरच्या दादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, तुम्हाला काय नाव हवंय. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आमचं नाव नको, जमीन गेली त्याला लई वर्षं झाली, पण थोरलीला थोरलीच म्हणा. मी विचारलं थोरली का, मोठी आहे म्हणून का. तर म्हणाल्या, "नव्हं, धाकटी बी होती ना. रस्ता मोठा केला तवा तोडली." म्हणजे दोन चिंचा होत्या, साधारण पन्नास पावलांवर, धाकटीच्या फांदीला त्यांच्या मुलांचा झोका असायचा. आज तिथे डिव्हायडर आहे. मी रोज तिथून स्कूटर वळवते.

आणि काका, ट्रंक! त्यांच्या मुलाने खरंच काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घातलेला हाताने लिहिलेला उतारा, शाई पिवळी पडलेली, आणि स्थानिक नावाच्या रकान्यात लिहिलंय 'चिंचपट्टी'. थोरली चिंच नाही, चिंचपट्टी. आजींना दाखवलं तर म्हणाल्या बरोबर आहे, पट्टी म्हणजे पूर्ण शेत, थोरली म्हणजे झाड. म्हणजे दोन्ही खरं आहे.

आता मी अडकलीये. कागदाचा पुरावा चिंचपट्टीला आहे आणि लोकांच्या तोंडात थोरली चिंच आहे. गावठाणातल्या एकतीस आणि सोसायट्यांमधल्या चव्वेचाळीस सह्या झाल्यात. त्या आजोबांच्या घरी पण जाऊन आले, जरा भीत भीतच, पण त्यांच्या सूनबाई म्हणाल्या की पाणपोईचं चालेल, सासरे उन्हाळ्यात स्वतः रांजण भरून ठेवायचे. बडोद्याच्या दादांचे विशेष आभार.

अर्जाचा मजकूर असा लिहिलाय, बघा बरं:

"वरील जागा सातबारा उताऱ्यानुसार चिंचपट्टी या नावाने नोंदलेली असून येथील चिंचेच्या वृक्षास ग्रामस्थ थोरली चिंच म्हणतात. तरी या उद्यानास 'थोरली चिंच उद्यान' असे नाव द्यावे, तसेच प्रवेशद्वाराच्या आत एक फलक लावून त्यावर चिंचपट्टी हे शेताचे नाव, ती जमीन कसणाऱ्या कुटुंबांची माहिती आणि रस्तारुंदीकरणात गेलेल्या धाकट्या चिंचेचा उल्लेख करावा, ही विनंती."

---

सोलापुरी_चादर (सोलापूर)

धाकटीचा उल्लेख काही झालं तरी काढू देऊ नका. आणि कुटुंबांची माहिती म्हणजे नावं लिहा, नुसतं 'येथील शेतकरी' असं नको. आजींना आधी विचारा मात्र, आमचं नाव नको म्हणाल्यात त्या.

---

पेठेतला (पुणे)

अर्ज उत्तम. एकच बदल करा, 'उद्यान' काढून टाका. उद्यान हा कमानीवरचा शब्द आहे, घरात कोणी म्हणत नाही चला उद्यानात जाऊ. थोरल्या चिंचेची बाग नाहीतर नुसतं थोरली चिंच.

---

खुरपं (निवृत्त, उद्यान खातं)

नुसतं थोरली चिंच करा. दोन शब्द, अक्षरं हातभर येतील, रस्त्यापलीकडून वाचता येईल. फलक दगडात करा, फ्लेक्स उन्हाने वर्षात पांढरा पडतो. उताऱ्याची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत हातातून सोडू नका.

---

मळ्याकडेची (पुणे)

'उद्यान' काढलं. नावांचं आजींना परत विचारलं, मी आणि त्यांचा मुलगा दोघंही होतो. त्या म्हणाल्या माझं नको, सासूचं लिहा, पाट यायच्या आधी तिने डोक्यावरून पाणी आणून थोरली जगवलीये. ते वाक्य अर्जात घातलं.

सोमवारी अकराला क्षेत्रीय कार्यालयात देणार आहे, आजी सोबत येणारेत. पोच मिळाली की इथे लिहिते.